शंभर पिल्लांचा तयार ब्रूडर : छत्री उत्तम, सेन्सर मात्र चुकीच्या जागी

गेल्या पौषात गिरिराज जातीच्या कोंबडीची एका दिवसाची शंभर पिल्ले आणायची ठरल्यावर मी छत्रीचा तयार ब्रूडर, म्हणजे पिल्लांना ऊब देणारा संच, विकत घेतला. पत्र्याची गोल छत्री, तिच्यात ६० वॉटचे चार बल्ब, टांगण्याची साखळी, तापमान आकड्यांत दाखवून त्यानुसार बल्ब चालू-बंद करणारा थर्मोस्टॅट आणि पिल्लांभोवती उभे करायचे दीड फूट उंचीचे गार्ड एवढे साहित्य त्यात येते. पिल्लामागे दोन वॉट या रूढ हिशेबाने २४० वॉट शंभर पिल्लांना पुरतात. बल्ब जुन्या तारेचे आहेत हे योग्यच आहे, कारण एलईडी दिव्याने उजेड पडतो, ऊब मिळत नाही.

छत्रीचा पत्रा जाड आहे, कडा आत वळवलेली आहे आणि उष्णता खाली नीट पसरते. गार्ड गोल उभे राहते, ही मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते; चौकोनी खोक्यात थंडी लागलेली पिल्ले कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरून मरतात.

खरी तक्रार थर्मोस्टॅटची आहे. पहिल्या आठवड्यात पिल्लांना सुमारे ३५ अंश सेल्सिअस तापमान लागते, कारण अंगावर पिसे नसून नुसती लव असते आणि शरीराची उष्णता स्वतः टिकवणे त्यांना जमत नाही. पहिल्या रात्री थर्मोस्टॅटच्या डबीवर ३५चा आकडा दिसत होता, तरीही पिल्ले छत्रीच्या मधोमध एकाच गोळ्यात दाटून, बारीक आवाजात सतत चिवचिवत होती. मी घरातला साधा तापमापक खाली अंथरलेल्या तुसापासून दोन इंचांवर, म्हणजे पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर धरला, तेव्हा पारा २९वर थांबला. कंपनीने थर्मोस्टॅटचा तापमान मोजणारा सेन्सर छत्रीच्या आतल्या पत्र्यालाच, बल्बच्या शेजारी बसवलेला होता; तो स्वतः तापला की बल्ब बंद करायचा आणि पिल्ले थंडीत व अंधारात राहायची. सेन्सरची वायर सोडवून तो पिल्लांच्या उंचीवर टांगला, त्यानंतर तासाभरात गोळा सुटला आणि काही पिल्ले पाण्याच्या भांड्याकडे, काही खाद्याकडे पांगली. ती छत्रीपासून दूर जाऊन चोच उघडून धापा टाकू लागली असती, तर उष्णता जास्त झाली असे समजून छत्री वर ओढावी लागली असती. पुढे दर आठवड्याला सुमारे तीन अंश कमी करत गेलो.

दुसरा दोष धोक्याचा आहे. छत्रीचे सगळे वजन साखळीच्या एकाच बारीक आकड्यावर पेलले जाते आणि खाली भाताचे कोरडे तूस असते. आकडा निसटून तापलेले बल्ब त्यावर पडले, तर शेड पेटायला वेळ लागणार नाही. मी दुसरी तार आढ्याला स्वतंत्र बांधली. हे काम कंपनीनेच करून द्यायला हवे.

वीज गेल्यावर काय करावे, याबद्दल माहितीपत्रकात एक ओळही नाही. शेगडी ठेवण्याचा मोह होतो, पण बंद जागेत कोळशाचा धूर पिल्लांच्या जिवावर बेततो. आमच्याकडे रात्री दोन तास वीज गेली, तेव्हा गरम पाण्याचे पाच लिटरचे दोन कॅन गोणपाटात गुंडाळून मी गार्डच्या आत ठेवले आणि छत्री खाली उतरवून वरून पोते पांघरले. वीज येईपर्यंत पिल्ले त्या कॅनना टेकून शांत बसली होती.

सेन्सर खाली घेण्याची आणि जादा तार बांधण्याची तयारी असेल, त्यांनीच हा संच घ्यावा.