जुनी सायकल नव्या रंगात दिसली तर घेऊ नका, माझे १४ हजार गेले

थोडं मोठं झालंय पण जुन्या सायकलींचा नाद असलेल्यांनी प्लीज पूर्ण वाचा.

आमच्या आजोबांची काळी रॅले होती, २२ इंची, रॉड ब्रेकवाली. ती भंगारात गेली त्याला पंचवीस वर्षं झाली तरी बाबा अजून तिचं नाव काढतात. त्यांच्या सत्तरीला तशीच द्यायची, जुनी घेऊन यायची आणि घरी गच्चीवर स्वतः रंगवायची असं ठरवलं, याआधी दोन सायकली मी घरीच रंगवल्यात. पुण्यात जुन्या बाजारात बुधवार-रविवार खेटे घातले, मनासारखी मिळेना, आणि मग ऑनलाइन एक जाहिरात दिसली, "ओरिजिनल इंग्लंड रॅले, फुल रिस्टोअर्ड". माणूस बोलायला गोड, आमच्या वडिलांची आहे हो दादा, जागा नाही म्हणून देतोय, चांगल्या घरी जावी एवढंच. १८ सांगून १४ ला तयार झाला, २ हजार आधी पाठवले बाकी हातात दिले. संध्याकाळी सातनंतरच या म्हणाला होता, आणि पार्किंगमधे एकच पिवळा बल्ब. हे असं कोणी बोलावलं तर जाऊच नका, दिवसाउजेडी दाखव म्हणायचं.

सकाळी बघितलं तर काळा रंग नुसता स्प्रेचा, ठिकठिकाणी ओघळ, नटांवरसुद्धा मारलेला. म्हटलं असू दे, आपण नाहीतरी सगळा काढणारच आहोत. पार्ट खोलले, रिमूव्हर लावला, वॉटर पेपर घेऊन ओलं घासायला बसलो (जुन्या रंगात शिसं असू शकतं, कोरडं घासून धूळ उडवू नका, घरात लहान मुलं असतील तर अजिबातच नाही). हँडलखाली, जिथे खालचा पाइप पुढे जोडला जातो, तिथे घासतोय घासतोय तरी लोखंड लागेना, राखाडी पिठूळ चिखलच निघत राहिला. लांबी होती ती, गाडीच्या पत्र्याला पोचा आला की भरतात तीच. चुंबक लावलं तर धरलंच नाही, खाली पडलं. स्क्रूड्रायव्हरने टोकरल्यावर जाड ढलपी उडाली आणि आत आर्क वेल्डिंगचे गोळे, आणि त्या गोळ्यांच्या कडेने केसासारखी बारीक चीर, अर्ध्या पाइपला वेढा घालून गेलेली. ते बघून माझे हात थंड पडले. त्या काळच्या रॅलेला जोडावर सॉकेट आणि आत पितळेची झाळ असते, असं वेल्डिंग म्हणजे पाइप आधीच एकदा तुटलेला. मी न घासता तशीच दिली असती आणि बाबा उतारावर असताना पुढचा भाग सुटला असता तर? पैशापेक्षा मला याचा जास्त राग आहे.

मग एकेक बाहेर आलं. पुढचा बगळ्याच्या तोंडाचा बिल्ला (रॅलेची खूण) रिव्हेटने नाही, गमने चिकटवलेला, आणि मागे दुसऱ्याच कुठल्यातरी बिल्ल्याची भोकं, याच्या भोकांशी जुळत नाहीत. आमच्या सायकलवाल्या काकांनी बॉटमचा कप (पेडलचा आस जिथे फिरतो तिथली आट्यांची वाटी) काढून बघितला. नॉटिंगहॅमच्या, म्हणजे इंग्लंडमधे बनलेल्या जुन्या रॅलेला तिथे इंचाला २६ आटे असतात, बाकीच्यांना बहुतेक २४. बाजारातला २४ चा साधा कप हाताने सरळ आत गेला. म्हणजे रॅलेच नव्हती ती. (आसनसोलच्या सेन-रॅलेलाही लोक इंग्लंडची सांगून विकतात, पण ती निदान चांगली सायकल तरी आहे.)

फोन केला तर म्हणाला, "तुम्ही रंग काढलात ना, आता माझी जबाबदारी संपली." धंद्याची मेख इथेच आहे, रंग काढल्याशिवाय काही कळत नाही आणि काढला की तोच बोट दाखवतो. नंतर ब्लॉक केलं. सायबर तक्रार केलीय, स्क्रीनशॉट जोडलेत.

त्यामुळे गंजलेली घ्या, पोपडे निघालेली घ्या, जुना रंग खोटं बोलत नाही. खिशात चुंबक ठेवा, सगळ्या जोडांवरून फिरवा, आणि विकणारा बिल्ल्याला हात लावू देत नसेल तर तिथूनच परत या.

काल मित्राच्या फोनवर तोच पार्किंगचा फोटो परत दिसला, मागे तोच निळा दरवाजा. या वेळी हंबर आहे, तीही जुनी इंग्लिश सायकल, "वडिलांची आठवण", २० हजार.