सबस्क्रिप्शन सहा जणांत वाटायचं, तर कोणतं ॲप किती कामाचं?

ओटीटी, गाणी, क्लाउड स्टोरेज अशी चार-पाच सबस्क्रिप्शन्स घरात किंवा मित्रमंडळींत वाटून घेतली की तीन वेगळे हिशेब मागे लागतात. पैसे कोणाच्या खात्यातून कापले जातात, हा पहिला. त्यात कोणाचा किती वाटा, हा दुसरा. आणि प्लॅनमध्ये जागा किती नि त्यावर सध्या कोण आहे, हा तिसरा. आपल्याकडे रोज वापरली जाणारी ॲप्स यातला एकेक हिशेब बऱ्यापैकी सांभाळतात, पण तिन्ही एका पडद्यावर मांडत नाहीत. भांडणं नेमकी या फटीत होतात. असं ॲप नव्याने बनवायला घेतलेल्यांनीही आधी ही फट नीट पाहावी.

सुरुवात फोनपे, गूगल पे यांसारख्या यूपीआय ॲपमधल्या ऑटोपेच्या पानापासून. प्रोफाइलच्या चित्रावर टॅप केलं की यादीत ऑटोपे दिसतं. पैसे आपोआप कापू देण्याची ही सोय यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने जुलै २०२० मध्ये आणली. सबस्क्रिप्शनसाठी १५,००० रुपयांपर्यंतच्या कपातीला दर वेळी पिन लागत नाही, मँडेट, म्हणजे कपातीची आगाऊ परवानगी, लावताना एकदाच टाकायचा. कपातीच्या किमान २४ तास आधी सूचना आली पाहिजे, हा रिझर्व्ह बँकेचा नियम. मँडेट थांबवणं आणि रद्द करणं, दोन्ही याच पानावरून होतं. पहिल्या हिशेबासाठी याहून भरवशाची जागा नाही, कारण पैसे खरोखर इथूनच जातात.

पण या पानावरचा आकडा जपून वाचावा लागतो. मँडेट दोन प्रकारचं असतं: ठरावीक रकमेचं आणि ‘इतक्यापर्यंत’ अशा कमाल मर्यादेचं. दरमहा १४९ रुपयांच्या सबस्क्रिप्शनचं मँडेट कित्येक पट मोठ्या मर्यादेचं असू शकतं आणि यादीत ती मर्यादाच ठळक दिसते. ती पाहून काही जण घाबरून मँडेट रद्द करतात. आणि एखादं हिशेबाचं ॲप तोच आकडा उचलून सहा जणांत वाटून मोकळं होतं. वारंवारितेचंही तसंच. ‘मासिक’ लिहिलेलं असेल तर ठीक. ‘मागणी येईल तेव्हा’ अशा मँडेटवरून पुढची तारीख काढता येत नाही. शिवाय यादीत ओळखीच्या ब्रँडऐवजी त्या कंपनीचं नोंदणीकृत नाव किंवा मधल्या पेमेंट कंपनीचं नाव असतं, म्हणून कोणती ओळ कशाची हे स्वतः टिपून ठेवलेलं बरं.

कार्डावर लावलेली मँडेट्स इथे दिसतच नाहीत. ती बँकेच्या किंवा कार्ड कंपनीच्या मँडेट पोर्टलवर शोधावी लागतात. एकाहून जास्त यूपीआय ॲप्स वापरणाऱ्यांची अडचण मात्र कमी व्हायला हवी: कोणत्याही यूपीआय ॲपमधून आपली सगळी मँडेट्स दिसावीत आणि एका ॲपवरून दुसऱ्यावर हलवता यावीत, असं एनपीसीआयने ऑक्टोबर २०२५ मध्ये ॲप कंपन्यांना सांगितलं.

कपातीच्या वेळेचाही हिशेब ठेवा. १ ऑगस्ट २०२५ पासून ऑटोपेची कपात गर्दीच्या वेळा टाळून होते, म्हणजे सकाळी १० च्या आधी, दुपारी १ ते ५ किंवा रात्री साडेनऊनंतर. पहिला प्रयत्न फसला तर पुढे जास्तीत जास्त तीन. ‘आज संध्याकाळपर्यंत पैसे टाकतो’ म्हणणाऱ्याचे पैसे येईपर्यंत सकाळचा प्रयत्न फसलेला असू शकतो. कपातीच्या आदल्या रात्रीच खात्यात रक्कम असली पाहिजे आणि आठवणही त्याच बेताने आली पाहिजे.

दुसऱ्या हिशेबासाठी बहुतेकांच्या तोंडी नाव येतं स्प्लिटवाइजचं. गट करा, नोंद टाका, ‘दर महिन्याला’ निवडा, की वाटे आपोआप पडत राहतात. एकमेकांची देणी आपसात फिरवून कमी व्यवहारांत मिटवण्याची सोय उत्तम आहे. चार सबस्क्रिप्शन्सचे पैसे चार वेगवेगळे लोक भरत असतील तेव्हा तिची खरी किंमत कळते. फुकट आवृत्तीत दिवसाला मोजक्याच नोंदी करता येतात. सहलीत ते जाचतं, सबस्क्रिप्शनच्या कामात अजिबात नाही, कारण महिन्याला नोंदीच चार-पाच.

उणीव वेगळीच आहे. या नोंदीचा प्रत्यक्ष कपातीशी काही संबंध नसतो. ऑगस्ट २०२४ मध्ये यूट्यूब प्रीमियमचा भारतातला फॅमिली प्लॅन १८९ वरून २९९ रुपयांवर गेला. दरमहाची नोंद १८९ वर लावून ठेवली असेल, तर ती कोणी हाताने बदलेपर्यंत १८९ च वाटत राहते आणि वरचे ११० रुपये दर महिन्याला गुपचूप खजिनदाराच्या, म्हणजे ज्याच्या खात्यातून कपात होते त्याच्या, खिशातून जातात. वाढलेली किंमत पहिल्या कपातीलाच दिसली पाहिजे, म्हणजे ॲपने ‘या महिन्यात किती कापले?’ असं विचारलं पाहिजे. मागचा आकडा आपणहून पुढे ढकलायचा नाही. इतकी साधी गोष्ट, पण ती नसल्यामुळे स्प्लिटवाइज या कामाला अर्धंच पुरतं.

भीमच्या मार्च २०२५ मधल्या तिसऱ्या आवृत्तीतही खर्च वाटून घेण्याची आणि कुटुंबाची सोय आली. घरातल्या घरात हिशेब असेल तर ती जरूर पाहा. वाटा काढणं आणि पैसे देणं एकाच ॲपमध्ये उरकतं.

तिसरा हिशेब जागांचा, आणि इथे गूगल आणि ॲपल पुढे आहेत. दोन्हींकडे कुटुंबाचा गट प्रमुख धरून सहा जणांचा. गूगल वनची जागा वाटली तरी कोणाचे फोटो किंवा फायली दुसऱ्याला दिसत नाहीत. ॲपलच्या फॅमिली शेअरिंगमध्ये, ज्या सबस्क्रिप्शनला परवानगी आहे ते कुटुंबाला उघडं करायचं की नाही, हे एका बटणाने ठरवता येतं. मात्र तिथे खरेदीची वाटणी चालू ठेवली तर इतरांच्या ॲप स्टोअरमधल्या खरेदीचंही बिल प्रमुखाच्या नावावर येतं. मित्रांच्या गटात ती बंदच ठेवावी. यूट्यूबच्या फॅमिली प्लॅनची अट तर उघड आहे: सदस्य १३ वर्षांवरचे आणि एकाच घरात राहणारे. पुण्यात एक, नाशकात दोन आणि बेंगळुरूत तीन असा गट नियमात बसत नाही, कोणी काहीही सांगो.

गूगलची आणखी एक अट बऱ्याच जणांना उशिरा कळते. एक कुटुंबगट सोडून दुसऱ्यात जाणं बारा महिन्यांत एकदाच जमतं. वर्गणी थकली म्हणून रागाच्या भरात कोणाला काढलं, तर त्याला वर्षभर दुसरीकडे जागा मिळणार नाही असंही होऊ शकतं. गूगल वनमधून बाहेर पडलेल्याकडे फुकटच्या १५ जीबीपेक्षा जास्त साठा असेल तर त्याला जीमेलवर मेल येणं थांबतं. म्हणून कोणत्याही ॲपमध्ये ‘सदस्य काढा’ हे बटण नुसतं लाल असून भागत नाही. पुढे काय होईल हे त्याच पडद्यावर लिहिलेलं हवं.

नेटफ्लिक्सची गोष्ट निराळी. ६४९ रुपयांच्या प्लॅनवर एका वेळी चार पडदे चालतात आणि प्रोफाइल पाच करता येतात, पण लॉगिन एकच. घराबाहेरच्यांना वाटण्यावर भारतात २० जुलै २०२३ पासून बंधन आलं. तेव्हा हिशेबाच्या ॲपने सरसकट ‘किती जागा?’ विचारणं चूक आहे. यूट्यूबचा फॅमिली प्लॅन, गूगल वन यांत प्रत्येकाचं स्वतःचं खातं असतं आणि माणूस एका टॅपने काढता येतो. एकाच लॉगिनवर चालणाऱ्या सेवेत काढायचं म्हणजे पासवर्ड बदलून सगळ्या उपकरणांवरून साइन आउट करायचं. हे दोन प्रकार नोंदीत पहिल्यापासून वेगळे हवेत. आणि पासवर्ड साठवून ठेवण्याचा मोह ॲपने टाळावाच. ते काम पासवर्ड मॅनेजरचं.

आता तिन्ही एकत्र आणणारं ॲप बनवायचं असेल तर कुठे ठेच लागते ते पाहू. रक्कम रुपयांत नव्हे, पैशांत साठवा, पूर्णांकात. २९९ रुपये सहा जणांत वाटले तर प्रत्येकी ४९ रुपये ८३ पैसे, बेरीज २९८ रुपये ९८ पैसे. उरलेले दोन पैसे दोघांच्या माथी एकेक टाका आणि दर महिन्याला माणसं बदला, नाहीतर वर्षअखेर कोणीतरी एक्सेल उघडून बसतो. खरं तर सरळ पन्नास करावेत आणि वरचा रुपया खजिनदाराच्या चहाला जाऊ द्यावा. पण हे गटाने ठरवावं, ॲपने नव्हे.

तारखांचा घोळ याहून वाईट. ३१ जानेवारीला सुरू झालेल्या सबस्क्रिप्शनची पुढची तारीख २८ फेब्रुवारी. आता मागच्या तारखेत एक महिना मिळवून पुढची काढली तर मार्चमध्येही २८ येते आणि तिथेच अडकते. मूळ तारीख, म्हणजे ३१, वेगळ्या रकान्यात जपा आणि दर वेळी तिच्यावरून मोजा.

पैसे मागायचे कसे? १ ऑक्टोबर २०२५ पासून व्यक्तीने व्यक्तीला यूपीआयवर कलेक्ट रिक्वेस्ट, म्हणजे पैसे मागणारी विनंती, पाठवणं बंद झालंय. त्याआधी काढलेले आराखडे या जागी कोलमडतात. उरतो क्यूआर कोड किंवा पेमेंट लिंक, ज्यात घेणाऱ्याचा यूपीआय आयडी, रक्कम आणि शेरा आधीच भरलेला असतो. यात ॲपला पैसे पोचले की नाही ते कळत नाही, म्हणून नोंद दोन टप्प्यांची ठेवावी: देणाऱ्याने ‘दिले’ म्हणायचं, घेणाऱ्याने ‘मिळाले’. मध्ये व्यवहाराचा १२ अंकी क्रमांक मागून घ्या आणि तोच दुसऱ्यांदा आला तर अडवा. जुनाच स्क्रीनशॉट पुन्हा पाठवणारे असतातच. सगळ्यांची वर्गणी ॲपच्या स्वतःच्या खात्यात गोळा करून पुढे भरण्याची कल्पना आकर्षक वाटते, पण दुसऱ्यांचे पैसे असे हाताळायला रिझर्व्ह बँकेची परवानगी लागते. लहान ॲपने तिकडे फिरकू नये.

बँकेचे एसएमएस वाचून सबस्क्रिप्शन आपोआप ओळखणं आयफोनवर शक्यच नाही. अँड्रॉइडवर गूगल प्लेचं धोरण कडक आहे. परवानगी मागावी लागते आणि ॲपचं मुख्य काम त्यात बसावं लागतं. पहिल्या आवृत्तीत सेवांची तयार यादी द्या आणि बाकी हाताने भरू द्या. किंमत मात्र यादीत कोरून ठेवू नका.

आठवण पोचणं हे आणखी एक दुखणं. अँड्रॉइड १३ पासून नोटिफिकेशनची परवानगी वेगळी मागावी लागते आणि बॅटरी वाचवण्याच्या नावाखाली काही कंपन्यांचे फोन मागे चाललेली ॲप्स मारून टाकतात. फोनमधल्या अलार्मवर विसंबू नका, सर्व्हरवरून पाठवा. मासिक प्लॅनची आठवण तीन दिवस आधी, वार्षिकची सात दिवस आधी. २४ तासांची अधिकृत सूचना वार्षिक रकमेच्या जुळवाजुळवीला पुरत नाही. सोबत व्हॉट्सॲपवर पाठवायचा तयार मजकूर द्या, कारण वर्गणी शेवटी तिथेच मागितली जाते.

रद्द करण्याच्या पडद्यावर, सबस्क्रिप्शन कुठून घेतलं ते हवंच: प्ले स्टोअर, ॲप स्टोअर, सेवेची वेबसाइट की मोबाइल कंपनीचं पॅक. जिथून घेतलं तिथूनच ते रद्द होतं. ॲप फोनवरून काढल्याने काही होत नाही, आणि नुसतं मँडेट रद्द केलं तर पैसे थांबतात, पण सेवेच्या दप्तरी बाकी दिसत राहू शकते. मुद्दाम अवघड केलेलं रद्दीकरण ३० नोव्हेंबर २०२३ च्या डार्क पॅटर्नविरोधी (ग्राहकाला चकवणाऱ्या रचनेविरुद्धच्या) मार्गदर्शक तत्त्वांत सबस्क्रिप्शन सापळा म्हणून नोंदलं आहे. तक्रार १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर करता येते.

वार्षिक प्लॅनमधून चौथ्या महिन्यानंतर एखादा बाहेर पडला तर काय, याचं उत्तर गट उघडतानाच विचारून ठेवावं. चालण्यासारखा नियम असा: नवा सदस्य मिळाला तर उरलेल्या आठ महिन्यांचे पैसे त्याच्याकडून थेट जुन्याला, नाही मिळाला तर परत काही नाही.