सोडून जायचं की आत राहून भांडायचं?

१९४४ च्या अखेरीस जर्मनीकडे अणुबाँब नाही हे कळलं आणि भौतिकशास्त्रज्ञ जोसेफ रॉटब्लाट लॉस अलामॉस, म्हणजे अमेरिकेचा अणुबाँब जिथे बनत होता ती प्रयोगशाळा, सोडून निघाले. खरं कारण सहकाऱ्यांना सांगायचं नाही, ही अट होती. म्हणून युरोपात अडकलेल्या पत्नीची काळजी हे कारण पुढे केलं. ती काळजीही खरीच होती म्हणा. वर गुप्तहेर असल्याचा संशय आलाच.

भौतिकशास्त्रज्ञ लिओ झिलार्ड मात्र शिकागोत याच बाँबच्या प्रकल्पात राहिले. जुलै १९४५ मध्ये त्यांच्या अर्जावर ७० शास्त्रज्ञांनी सह्या केल्या: शरणागतीच्या अटी जाहीर करून जपानला संधी दिल्याशिवाय बाँब वापरू नका. अर्ज रीतसर वरिष्ठांमार्फत गेला आणि वाटेतच अडकला. राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांच्यापर्यंत पोहोचलाच नाही. पुढे त्यावर गोपनीयतेचा शिक्काही बसला.

हिरोशिमा दोघांनाही टाळता आलं नाही. रॉटब्लाट यांचे हात स्वच्छ राहिले, पण त्यांच्या जाण्याने काम एक दिवसही थांबलं नाही. तरी मला झिलार्ड यांची वाट जास्त पटते. सह्या करणाऱ्यांची नावं निदान कागदावर आली, पुढे कोणी विचारलं तर दाखवायला. अर्थात, तक्रारीचा अर्ज ज्याच्याविरुद्ध त्याच्याच टेबलावरून जाणार असेल, तर रॉटब्लाट यांचं चुकलं असंही म्हणवत नाही.