तेरवीचा फोटो आणि बायोडाटाची साडी: फोटोतले कपडे बदलायला कोणती पद्धत घ्यावी

तेरवीच्या दोन-तीन दिवस आधी लोक स्टुडिओत येतात आणि मोबाइल पुढे करतात. त्यात बाबांचा एकुलता एक बरा फोटो असतो, तोही कापूस वेचणीच्या दिवसांत कुणी तरी सहज काढलेला. अंगात बनियन, खांद्यावर दुपट्टा, मागे ट्रॅक्टरची ट्रॉली. "दादा, याच्यात पांढरा सदरा अन् टोपी घालून देजो," एवढंच म्हणणं असतं. यवतमाळ जिल्ह्यातल्या माझ्या तालुक्याच्या गावात मी असे किती सदरे चढवले असतील याची मोजदाद नाही. हे काम पूर्वी एकाच प्रकारे होत होतं, आता चार प्रकारे होतं. दारव्ह्याकडे नवा स्टुडिओ टाकणाऱ्या ओळखीच्या एका मुलानं परवा विचारलं, "फोटोशॉपची वर्गणी भरू, मोबाइलवरच्या फुकट एआयवर भागवू, का ग्राफिक कार्डवाला कॉम्प्युटर घेऊ?" त्याला फोनवर सांगितलं ते इथे सविस्तर लिहितो.

मी त्याला आधी पैशाचं बोललोच नाही. पद्धत कोणतीही असो, ती चेहऱ्याला हात लावते की नाही, हे आधी बघायचं. बाकी सगळं त्याच्या मागून येतं.

जुनी पद्धत चेहऱ्याला हात लावत नाही. फोटोशॉपमध्ये कोट-टाय, नेहरू शर्ट, साडी यांच्या तयार फाइली असतात. त्यातली एक उघडायची, माणसाचं डोकं कापून गळ्यावर बसवायचं, मानेचा जोड मास्कने, म्हणजे नको तो भाग झाकणाऱ्या पडद्याने, मऊ करायचा, उजेड डावीकडून असेल तर कोटाचाही उजेड डावीकडे फिरवायचा. सराव असेल तर अर्ध्या-पाऊण तासाचं काम. चेहरा जसाच्या तसा राहतो, कारण तो मूळ फोटोचाच असतो. पण या पद्धतीचा एक सल माझ्या मनात कायम आहे. एकाच आळीतल्या दोन घरांच्या भिंतींवर दोन वेगळी माणसं तोच करडा कोट, तीच टाय आणि टायवरची तीच घडी घालून बसलेली मी पाहिली आहेत. दोन्ही फोटो माझ्याच स्टुडिओतले. त्यातल्या एकानं जन्मात कोट घातला नव्हता.

मोबाइलवरचं एआय इथेच मोहात पाडतं. ऑगस्ट २०२५ मध्ये गुगलच्या जेमिनीत फोटो बदलणारं ते मॉडेल आलं, ज्याला सगळे नॅनो बनाना म्हणतात. पुढच्याच महिन्यात शिफॉन साडीतल्या फोटोंची लाट आली आणि आमच्याकडच्या कॉलेजच्या पोरींचे डीपीसुद्धा बदलले. चॅटजीपीटीतही मार्च २०२५ पासून हे काम होतं. मराठीत लिहिलं तरी चालतं: "यांना पांढरा खादीचा सदरा आणि पांढरी टोपी घाल, बाकी काही बदलू नको." अर्ध्या मिनिटात सदरा हजर. त्याला खऱ्या चुण्या असतात, काजं असतात, खांद्यावर सावली असते. हाताने इतका जिवंत सदरा मला कधी जमला नाही, हे मान्य करतो.

अडचण अशी की ही मॉडेलं फोटोत सदरा चिकटवत नाहीत, सगळा फोटो नव्याने तयार करतात. "बाकी बदलू नको" म्हटलं तरी चेहराही पुन्हा रंगवला जातो, फक्त मूळच्या जवळपास. अनोळखी माणसाला फरक दिसत नाही. लेकीला दिसतो.

हे मला एका आजीच्या फोटोनं शिकवलं. घरच्यांना साध्या पातळाऐवजी हिरवी काठाची नऊवारी हवी होती. घाई होती म्हणून मोबाइलवरच्या एका एआय ॲपमधून फोटो बदलून दिला. लुगडं सुंदर आलं. मुलगी बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "हे माही माय नाही वाटत दादा. तिची बहीण वाटते." मग मी मूळ फोटो शेजारी ठेवून मोठा करून पाहिला. कपाळावरचं गोंदण गेलं होतं. हनुवटीवरचे तीन ठिपके गेले होते. ॲपने त्यांना डाग समजून पुसलं होतं. रंग दोन छटा उजळला होता, गळ्यातली काळी पोत जाऊन तिथे नुसती सोन्याची साखळी आली होती. साठ-सत्तर वर्षं अंगावर वागवलेलं गोंदण मी अर्ध्या मिनिटात पुसलं होतं. तो फोटो मी पुन्हा हाताने करून दिला. तेव्हापासून मयताच्या फोटोत एआयने काढलेला चेहरा मी ठेवत नाही.

आकाराचाही प्रश्न आहे. जेमिनीच्या त्या पहिल्या मॉडेलचं चित्र सुमारे एक मेगापिक्सेलचं येतं. आपल्याकडे हाराचा फोटो १२ बाय १८ इंचाचा मागतात. चांगल्या छपाईला इंचाला ३०० ठिपके धरले तर त्याला ३६०० बाय ५४०० पिक्सेल लागतात. एक मेगापिक्सेल तेवढं ताणलं तर इंचाला ७० ठिपकेही पडत नाहीत. नोव्हेंबर २०२५ मधलं प्रो मॉडेल चार के, म्हणजे एका बाजूला सुमारे चार हजार पिक्सेल, आकारापर्यंत चित्र देतं, तिथे ही अडचण बरीच कमी होते. शिवाय कोपऱ्यात चमकीची खूण येऊ शकते, आणि सिंथआयडी नावाची न दिसणारी खूण चित्रातच असते. फ्रेमच्या फोटोला तिचा काही त्रास नाही, उलट ती असलेली बरी.

तिसरी पद्धत फोटोशॉपमधल्या जनरेटिव्ह फिलची, म्हणजे निवडलेली जागा एआयने भरून घ्यायची. अडोबीने ती मे २०२३ मध्ये चाचणीसाठी आणली आणि त्याच वर्षी सप्टेंबरात सगळ्यांना दिली. मेहनत आणि सफाई यांचा मेळ मला इथेच बसलेला दिसतो. आपण जेवढा भाग निवडतो तेवढाच बदलतो, बाहेरच्या एका ठिपक्यालाही धक्का लागत नाही. बनियन आणि दुपट्टा निवडायचा, हनुवटीच्या खाली बोटभर जागा सोडायची, गळ्यातली पोत किंवा तुळशीची माळ निवडीच्या बाहेर ठेवायची, हातावर गोंदण असेल तर हातही बाहेर. उत्तर वेगळ्या लेयरवर, म्हणजे थरावर, येतं, त्यामुळे नको तिथे मास्कने मागे घेता येतं. एका वेळी मोठा भाग भरला तर कापड बुळबुळीत येतं, म्हणून छाती, डावा खांदा, उजवा खांदा असं तुकड्यांनी भरावं. शेवटी सदऱ्यावर थोडा दाणा (जुन्या फोटोसारखा खरखरीतपणा) टाकावा, नाही तर जुन्या मोबाइलचा धुरकट चेहरा आणि काचेसारखा सदरा एकमेकांशी बोलत नाहीत.

उणिवाही आहेत. वर्गणी भरावी लागते आणि महिन्याचे क्रेडिट, म्हणजे एआय वापरायचा कोटा, मोजून असतात. काम अडोबीच्या सर्व्हरवर होतं, त्यामुळे नेट गेलं की हात बांधले जातात. गळा-छातीचा भाग निवडला की साध्या ब्लाउजच्या मागणीलाही कधी नकार येतो, कारण अश्लील वापर रोखणारी चाळणी जरा जाड आहे. मला ती चाळणी जाड असलेलीच चालते.

चौथा रस्ता आपल्याच कॉम्प्युटरवर मॉडेल चालवायचा. स्टेबल डिफ्युजन हे चित्र काढणारं मॉडेल ऑगस्ट २०२२ मध्ये खुलं झालं, आता कॉम्फीयूआय या सॉफ्टवेअरमध्ये अशी बरीच मॉडेलं जोडून चालवता येतात. फोटो बाहेर जात नाही, क्रेडिट लागत नाहीत, चेहरा मास्कने वाचवता येतो. पण त्या मुलाला मी स्पष्ट म्हटलं, आत्ता नको. किमान ८ जीबीचं ग्राफिक कार्ड लागतं, नवी मोठी मॉडेलं त्याहून जास्त मागतात. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, टिनाच्या शेडखालच्या दुकानात ते कार्ड आणि कूलर दोन्ही एका इन्व्हर्टरवर चालणार नाहीत.

कपडे घालून दाखवणारी खास मॉडेलं याच रस्त्यावर भेटतात, आयडीएम-व्हीटॉन वगैरे. त्यांची गंमत कळली की मोह सुटतो. ती ज्या फोटोंवर शिकली त्यातला एक प्रसिद्ध संच व्हिटॉन-एचडी. त्यात १३,६७९ जोड्या आहेत, सगळ्या समोरून उभ्या बायका आणि वरचे टॉप. दुसऱ्या एका मोठ्या संचात कपड्यांचे खण तीन: वरचे, खालचे आणि ड्रेस. साडी कोणत्या खणात ठेवणार? धोतर कुठे? नऊवारीचा काष्टा तर खालचाही आणि मागचाही. म्हणून ही मॉडेलं शर्ट उत्तम चढवतात आणि साडीला गाऊन करून टाकतात, पदर कुठून निघाला आणि कुठे गेला याचा पत्ता लागत नाही. वर आयडीएम-व्हीटॉनचा परवाना धंद्याच्या वापराला मनाई करतो. स्टुडिओसाठी विषय तिथेच संपतो.

खिशाला परवडणारा एक मधला मार्ग आहे, मी महिनाभर तो वापरून पाहिला. सदरा मोबाइलच्या एआयकडून करून घ्यायचा, मग गिम्प या फुकट सॉफ्टवेअरमध्ये मूळ फोटोचं डोकं, गळा आणि हात त्याच्यावर परत आणून मास्क करायचे. एआयने फोटो किंचित सरकवलेला असतो, म्हणून डोळ्यांच्या रेषेवर दोन्ही थर जुळवून घ्यावे लागतात. वीस-पंचवीस मिनिटं जातात. महिन्याला आठ-दहाच कामं असतील तर हेच करावं. त्याहून जास्त असतील तर वर्गणीचे पैसे वेळेतून निघतात. आणि गिऱ्हाइकाला व्हॉट्सॲपवर फोटो "डॉक्युमेंट म्हणून टाक" असं आवर्जून सांगावं. साधा टाकला तर दाबून लहान होतो, मग कोणतीही पद्धत घेतली तरी पाया कच्चाच.

बायोडाटाच्या फोटोचं उत्तर मात्र वेगळं आहे. तिथे माणूस आपल्यासमोर हजर आहे, मग कपडे कॉम्प्युटरमध्ये कशाला बदलायचे? बघायला आलेली माणसं फोटोतली साडी नाही, फोटोतला चेहरा मनात धरून येतात. एआयने नाक थोडं सरळ केलं, रंग थोडा उजळला, तर त्याची किंमत दारात उभ्या राहिलेल्या मुलीला मोजावी लागते. मी दुकानात दोन काठाच्या साड्या, एक नेव्ही कोट आणि दोन मापांचे पांढरे शर्ट ठेवले आहेत. मागच्या खोलीत बदलून यावं, फोटो काढावा.

भरतीचे आणि परीक्षेचे फॉर्म असतील तर कपडे बदलूच नका. परीक्षेच्या दिवशी समोरचा चेहरा फोटोशी ताडून बघतात. आधारचा फोटो नोंदणी केंद्रावरच काढतात, मोठ्यांच्या पासपोर्टचाही पासपोर्ट केंद्रावरच.

एक काम मी कोणत्याही पद्धतीने करत नाही. मोबाइलमध्ये एखाद्या पोरीचा फोटो घेऊन कुणी येतो आणि तिला "दुसरे कपडे" घालायला सांगतो. ती कोण, तिला माहीत आहे का, याचं उत्तर नसतं. घरच्या बाईचा साधा फोटो असेल तरी मी तिच्याशी फोनवर बोलल्याशिवाय हात लावत नाही. उघडेवाघडे करून देणारी ॲपं आहेत, ती गावातही पोचली आहेत. लैंगिक स्वरूपाचं असं चित्र बनवून पसरवणाऱ्याला माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७अ खाली पहिल्याच गुन्ह्यात पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. मुलगी अल्पवयीन असेल तर कायदा आणखी कडक आहे. कुणाच्या लेकीवर हे गुदरलं तर तिला रागावू नका, चित्र दिसतं त्या पानाचे स्क्रीनशॉट आणि लिंक जपा, सरकारच्या सायबर क्राईम पोर्टलवर तक्रार करा आणि ठाण्यात सोबत जा.

त्या मुलाला शेवटी असं सांगितलं: दिवाळीपर्यंत गिम्प आणि मोबाइल यांवर काम कर, लग्नसराई लागली की फोटोशॉप घे. कार्डाचे पैसे चांगल्या लेन्समध्ये आणि एका खऱ्या कोटात घाल. मयताचा फोटो करशील तेव्हा मूळ फोटो शेजारच्या खिडकीत उघडा ठेव, आणि छापायच्या आधी घरातल्या बाईला बोलावून दाखव. गोंदण कुठे होतं हे तिलाच माहीत असतं.