‘साउंडप्रूफ’ खिडक्या, दांडिया बाजार: गणपतीपासून मेपर्यंतचा अनुभव

गणपतीच्या आधी बेडरूमच्या दोन्ही खिडक्या बदलल्या, आता मे चालू आहे. मधे विसर्जन, नवरात्र, दिवाळी, लग्नसराई आणि उत्तरायण (संक्रांतीचा पतंगांचा सण) होऊन गेलं. बडोद्यात खिडकीची परीक्षा घ्यायला आणखी काही लागत नाही, म्हणून आता लिहिते.

घर दुसऱ्या मजल्यावर, तोंड थेट रस्त्याकडे. आधी ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या होत्या, एकेरी काचेच्या. नव्या यूपीव्हीसीच्या (म्हणजे कडक प्लास्टिकच्या चौकटीच्या), बिजागरीवर उघडणाऱ्या, दुहेरी काचेच्या. बाहेरची काच लॅमिनेटेड, म्हणजे दोन काचांच्या मधे प्लास्टिकचा पातळ थर चिकटवलेली. चौरस फुटाला साधारण 1,300 रुपये पडले, डासांची जाळी वेगळी. बाहेर जुनं लोखंडी ग्रिल असल्यामुळे पल्ले आत उघडतात, त्यासाठी पलंग सरकवावा लागला आणि पडद्याचा दांडा वर न्यावा लागला. हे आधी कोणी सांगत नाही.

रोजच्या गोंगाटावर खिडकी शंभर टक्के पैसे वसूल आहे. रिक्षांचे हॉर्न, बाइकचे सायलेन्सर, हातगाडीवाल्याची रेकॉर्ड केलेली आरोळी, समोरच्या दुकानाचं शटर, सगळं दोन गल्ल्या पलीकडे गेल्यासारखं वाटतं. मोबाइलवरचं आवाज मोजायचं ॲप म्हणजे काही प्रयोगशाळेतलं यंत्र नव्हे, पण एकाच जागी उभं राहून तुलना करायला पुरतं. संध्याकाळी खिडकी उघडी असताना 72 डेसिबलच्या आसपास, बंद केली की 43-44. दर 10 डेसिबल उतरले की कानाला आवाज साधारण निम्मा वाटतो, म्हणजे इथे तो जवळजवळ तीनदा निम्मा झाला. सरकारी नियमाप्रमाणे निवासी भागात रात्रीची मर्यादा 45 डेसिबल आहे, अर्थात घराबाहेर. आमच्याकडे ती निदान बेडरूमच्या आत तरी पाळली जाते.

आता डीजे. वरघोडा, म्हणजे लग्नाची वरात, खालून जातो तेव्हा काच काय करते? गाण्याचे शब्द अडवते आणि ठोका आत सोडते. आई म्हणाली, “अगं, आधी निदान गाणं कोणतं ते तरी कळायचं.” यात माल खोटा नाही, कारण वेगळं आहे. खालच्या पट्टीचा आवाज अडवायला वजन लागतं, भिंतीसारखं. शिवाय दोन काचांमधली 12 मिलिमीटरची हवा स्प्रिंगसारखी वागते आणि साधारण 200 हर्ट्झच्या (हर्ट्झ म्हणजे आवाजाच्या पट्टीचं माप) आसपास दोन्ही काचा एकमेकींबरोबर थरथरतात, त्यामुळे तिथे आणि त्याच्या खाली दुसऱ्या काचेचा फारसा फायदा उरत नाही. डीजेचा ठोका त्याच्याही बराच खाली असतो. दुकानात मात्र नमुन्याच्या पेटीत मोबाइल वाजवून दाखवतात. मोबाइलच्या स्पीकरला मुळात बास असतोच कुठे?

नवरात्रात हीच गत. राज्य सरकारला सणासुदीच्या दिवसांत, वर्षाला जास्तीत जास्त 15 दिवस, रात्री 12 पर्यंत लाउडस्पीकरला सूट देता येते, त्यामुळे 10 नंतर तक्रारीलाही जागा नसते. गरब्याशी माझं भांडण नाही, मीही उतरतेच खाली. पण आईला गोळी घेऊन झोपायचं असतं, तिच्यासाठी ढोल तेवढाच राहिला. उत्तरायणात उलट झालं: गच्चीवरचे भोंगे, शिट्ट्या, “काय पो छे” हे सगळं वरच्या पट्टीतलं, त्यामुळे पार गायब. फक्त त्या दिवशी घरात बसतंय कोण.

खरा मुद्दा बसवण्याचा आहे. पहिल्या आठवड्यात फरक इतका कमी होता की आम्ही चिडलो होतो. मग पंखा बंद करून उदबत्ती चौकटीच्या कडेकडेने फिरवली. एका कोपऱ्यात धूर सरळ आत वळत होता. चौकट आणि भिंत यांच्यामधल्या फटीत फोम अर्धवट मारून वरून सिलिकॉनची रेघ ओढली होती. फोनवर फोन केल्यावर मिस्त्री आला, खरवडून पुन्हा भरलं, आणि एसीच्या पाइपाचं भोकही त्याच्याकडूनच बुजवून घेतलं. त्यानंतरच वरचे आकडे आले. हिशोब सोपा आहे: खिडकीच्या एक टक्का जागेत जरी फट राहिली, तरी काच कितीही भारी लावा, 20 डेसिबलच्या वर घट मिळत नाही. सरकत्या खिडकीत पल्ल्यांच्या मधे ब्रश असतो, तो धूळ अडवतो, आवाज नाही. बिजागरीच्या पल्ल्याला चारही बाजूंनी रबर दाबून बसतं, म्हणून बेडरूमला तीच घ्या.

उन्हाबद्दल फार आशा ठेवू नका. पश्चिमेच्या खिडकीतून साध्या काचेतून येतं जवळजवळ तसंच ऊन येतं, दुहेरी असली तरी. आम्ही शेवटी बाहेरून बांबूची चटई सोडली, तिने जास्त काम केलं. एसी मात्र लवकर थंड करतो आणि गारवा टिकतो.

हवेचं नीट ध्यानात घ्या. खिडकी इतकी घट्ट बसते की रात्रभर खोली बंद राहिली तर सकाळी डोकं जड होतं. स्प्लिट एसी आतलीच हवा फिरवतो, बाहेरची आणत नाही. आम्ही दार बोटभर उघडं ठेवतो, हॉलकडून थोडा आवाज येतो, तो चालतो. स्वयंपाकघराला असली खिडकी बसवायला मी नाहीच म्हटलं. गॅस चालू असतो तिथे हवा खेळती हवी.

हॉलच्या खिडक्याही जुन्याच ठेवणार आहे. आईची भाजीवाल्याशी घासाघीस तिथूनच चालते, टोपली तिथूनच खाली सुटते. शेजारच्या काकूंनी पूर्ण घराचं कोटेशन मागवलंय. त्यांना मी एवढंच सांगितलं: रस्त्याकडच्या झोपायच्या खोलीपुरतं करा, दोन्ही काचा वेगवेगळ्या जाडीच्या मागा, चौकटीमागची फट कशाने भरणार ते कोटेशनमध्ये लिहून घ्या, आणि उदबत्ती फिरवून बघेपर्यंत शेवटचा हप्ता देऊ नका.