चार्टवर मोपा आहे का, ते आधी बघा

सांबऱ्याला, म्हणजे बेळगावच्या विमानतळावर, माझं उड्डाणाचं शिक्षण चालू आहे. क्रॉस-कंट्रीच्या, म्हणजे एका विमानतळावरून लांब दुसरीकडे जायच्या उड्डाणाच्या, तयारीसाठी मी दोन छापील चार्ट (वैमानिकांचे नकाशे) मागवले. एक ओएनसी (ऑपरेशनल नॅव्हिगेशन चार्ट), 1:10,00,000 चा. दुसरा टीपीसी (टॅक्टिकल पायलटेज चार्ट), 1:5,00,000 चा. दोन्ही मूळ अमेरिकी चार्टांच्या पुनर्मुद्रित प्रती. ऑनलाइन विक्रेत्याचं नाव इथे देत नाही, पण माल कसा निघाला ते सांगते, कारण माझ्यासारखे बरेच जण हेच शोधत असणार.

जाहिरातीत ‘लेटेस्ट’ लिहिलं होतं. शहापूरला घरी नळकांडं उघडलं तर आवृत्तीची तारीख असते तो समासच छापताना कापलेला! मग मी गोव्यातलं नवं विमानतळ मोपा शोधलं. नाही. सिंधुदुर्गातलं चिपी? तेही नाही. चिपी 2021 च्या ऑक्टोबरात सुरू झालं आणि मोपावरून प्रवासी विमानं 2023 च्या जानेवारीपासून उडतात. बेळगावातून पश्चिमेकडे निघणाऱ्याच्या कागदावर हे दोन विमानतळच नसतील, तर तिथल्या हवाई क्षेत्राच्या रेषांवर भरवसा कसा ठेवायचा? विक्रेत्याला फोटो पाठवले, उत्तर आलं नाही.

तरीही टीपीसी मी ठेवून घेतला, कारण डोंगर आणि नद्या जुन्या होत नाहीत. उठावाच्या छटा स्वच्छ आल्या आहेत. घटप्रभा, मलप्रभा, मिरजेकडे आणि लोंढ्याकडे जाणारा रेल्वेमार्ग पटकन सापडतात. प्रत्येक चौकोनात मोठा आकडा आणि त्याला चिकटून छोटा आकडा असतो. 3 आणि 8 असेल तर त्या चौकोनातला सर्वांत उंच भाग किंवा अडथळा 3,800 फुटांच्या आत, असा त्याचा अर्थ. पण ती उडायची उंची नव्हे, तिच्यावर अंतर आपणच राखायचं. सांबराच समुद्रसपाटीपासून 2,500 फुटांच्या आसपास आहे, हे इथल्या नवशिक्यानं विसरू नये. हिडकल जलाशयाची निळी कडाही जपून वापरा. मे महिन्यात पाणी इतकं मागे सरतं की वरून आकार ओळखू येत नाही.

प्रमाणाचं म्हणाल तर आपल्या भागासाठी पाच लाखांचाच घ्या. सांबरा ते कोल्हापूर साधारण 52 नॉटिकल मैल. टीपीसीवर ती रेघ 19 सेंटीमीटरची होते, तिच्यावर दर दहा मैलांना खूण करून वेळ लिहिता येते. ओएनसीवर तीच साडेनऊ सेंटीमीटर, आणि अख्खं बेळगाव शहर नखाखाली झाकतं. लांबच्या प्रवासाचा अंदाज घ्यायला तो ठीक.

एक चूक माझी झाली. टीपीसीवर प्लॉटरची (चार्टवर अंतर मोजायच्या पट्टीची) दहा लाखांची कड लावली आणि कोल्हापूर 104 मैल निघालं. सरांनी काही न बोलता उभ्या रेखांशावरच्या बारीक खुणांकडे बोट दाखवलं. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक नॉटिकल मैल. आडव्या रेघेवर मोजू नका, तिथलं मिनिट त्याहून लहान असतं. तेव्हापासून प्लॉटरचं माप मी दर वेळी तिथे पडताळते.

कागद पातळ आहे, घडीवर लगेच फाटतो. मी गणपत गल्लीत लॅमिनेशन करून घेतलं, पण चकचकीत केलं ही चूक. उन्हात चमकतं आणि पेन्सिल धरत नाही. मॅट सांगा.

विमानतळ, फ्रिक्वेन्सी आणि प्रतिबंधित क्षेत्रं यांसाठी विमानतळ प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर एआयपी (वैमानिकांसाठीची अधिकृत माहितीपुस्तिका) मोफत आहे, त्यातले ठरावीक बदल 28 दिवसांच्या चक्रानं लागू होतात. निघण्याआधी नोटॅम, म्हणजे वैमानिकांसाठीच्या तातडीच्या सूचना, वेगळे बघावेच लागतात. फोनवरचं ॲप मी सोबत ठेवते, पण आखणी कागदावरच करते.

ओएनसी कपाटात गेला. टीपीसीला पाचपैकी तीन. मोपा आणि चिपी त्यावर मी लाल पेन्सिलीनं स्वतः काढलेत, अक्षांश-रेखांश एआयपीतून घेऊन.