कोरल-पेजमेकर सोडून एक वर्ष: फुकटच्या सॉफ्टवेअरवर डीटीपी दुकान चालतं का?

आधी खरं सांगते, आमच्या दुकानात इतकी वर्षं जे कोरल (डिझाइनचं सॉफ्टवेअर) चालत होतं ते विकत घेतलेलं नव्हतं. तालुक्याच्या गावात डीटीपी (कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावणं) करणाऱ्या बऱ्याच जणांचं असंच असतं, सीडी कुणीतरी देतं, क्रॅक (सॉफ्टवेअरचं कुलूप तोडणारी फाइल) कुणीतरी टाकून देतं आणि चालतंय तोवर चालतंय. मागच्या वर्षी ऐन लग्नसराईत त्या क्रॅकच्या मागून काहीतरी घुसलं आणि सकाळी दुकान उघडून बघते तर सगळ्या फाइलींच्या शेपटीला भलतंच एक्स्टेन्शन, एकही उघडेना. पंधरा-वीस पत्रिका हातात होत्या, निम्म्या पेनड्राइव्हवर होत्या म्हणून अब्रू वाचली. भाचा सुट्टीला आला होता, तो म्हणाला मावशी आता परत चोरीचं टाकू नकोस, आणि त्याने लिब्रे ऑफिस (वर्ड-एक्सेलच्या जागी), इंकस्केप (कोरलच्या जागी), स्क्रायबस (पेजमेकरच्या जागी) आणि गिंप (फोटोशॉपच्या जागी) एवढं टाकून दिलं. सगळं ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला, एक रुपया नाही.

लिब्रे ऑफिसचं लवकर उरकते कारण तिथे फार रडारड झाली नाही. जुन्या ओपनऑफिसमधून २०१० साली फुटून निघालेलं हे, आता द डॉक्युमेंट फाउंडेशन नावाची संस्था सांभाळते. शाळांच्या प्रश्नपत्रिका, अर्ज, सोसायटीचे अहवाल सगळं त्यातल्या रायटरमध्ये (वर्डसारखा भाग) होतं. व्ह्यू मेनूत जाऊन यूजर इंटरफेस टॅब्डवर केलं की वर्डसारखी पट्टी येते, हे पहिल्या दिवशीच करा नाहीतर बटणं शोधण्यात जीव जाईल. वर्डची फाइल उघडते पण फॉन्टकडे लक्ष ठेवा. कॅलिब्री मशीनवर नसेल तर त्याच मापाचा कार्लिटो येतो आणि ओळी हलत नाहीत, पण मंगल या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली प्रश्नपत्रिका मंगल नसलेल्या मशीनवर उघडली की दोन पानांची अडीच पानं होतात, आणि सर दारात उभे असतात. कॅल्कमध्ये (एक्सेलसारखा भाग) साधी कोटेशनं, हजेरी, फीचा हिशेब मस्त चालतो. एक्सेलचे मॅक्रो (आपोआप चालणाऱ्या आज्ञा) मात्र सगळे चालतीलच असं नाही, ज्यांचा धंदाच मॅक्रोवर आहे त्यांनी आधी कॉपीवर ट्राय करा.

आता जी गोष्ट मला कुणी आधी सांगितली नव्हती ती. लिब्रे ऑफिसचं ड्रॉ (चित्रं-आकृत्यांचा भाग) पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या फाइली उघडतं! पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ सालची, तरी आपल्याकडे अजून कितीतरी प्रेसमध्ये त्यात कामं निघतात, आणि माझ्याकडे पण स्मरणिका, कार्यअहवाल असं ढीगभर पडलेलं. एक फाइल टाकली, उघडली, मी खुश. चौकटी जागेवर, फोटो जागेवर, आणि मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा चिवडा. कारण आपण इतकी वर्षं जे टाइप केलं ते मराठी नव्हतंच हो, आतून इंग्रजी अक्षरं आणि वरून फॉन्टने घातलेला मराठी सदरा. तो जुना फॉन्ट मशीनवर असेल तोवर मराठी दिसतं, फॉन्ट गेला की सदरा गेला. कन्व्हर्टर मिळतात, युनिकोड (फॉन्ट बदलला तरी मराठीच राहणारं टायपिंग) करून देतात, पण रफार आणि जोडाक्षरावरची पहिली वेलांटी हमखास सरकते, म्हणजे एकेक ओळ परत वाचायचीच. माझा अख्खा पावसाळा यात गेला. म्हणून म्हणते, सॉफ्टवेअर फुकट आहे, महाग पडतात त्या आपल्याच जुन्या फाइली. आणि हे पैसे भरून नवं कोरल घेतलं असतं तरी मजकूर युनिकोडमध्ये आणायला चुकलं नसतंच.

इंकस्केपवर मात्र माझा जीव जडला. सीडीआर म्हणजे कोरलच्या फाइली उघडतात, शंभर टक्के नाही, पण बॉर्डर, गणपती, कलश असली क्लिपआर्ट बहुतेक नीट येतात. बोटांना कोरलची सवय असेल तर प्रेफरन्समध्ये की-बोर्डला कोरलचा नकाशा निवडता येतो, हे कळायला मला दोन महिने लागले. कोरलच्या पॉवरक्लिपच्या (चित्र आकारात बसवणं) जागी क्लिप, आणि कर्व्ह करायचं (अक्षरांचे नुसते आकार करायचे) म्हणजे ऑब्जेक्ट टू पाथ. एकाच फाइलमध्ये अनेक पानं २०२२च्या १.२ आवृत्तीपासून करता येतात, म्हणजे पत्रिकेचं कव्हर आणि आतलं पान सोबत. देवनागरी जोडाक्षरं एकदम स्वच्छ. फॉन्ट फुकट आणि कायदेशीर मिळतात, 'एक टाइप' या फॉन्टवाल्यांचे मुक्ता आणि बालू, आयआयटी मुंबईचा शोभिका, आणि टिरो देवनागरी मराठी, ज्यात ल आणि श आपल्या वळणाचे येतात, हिंदीचे नाहीत. आमच्या गावातले निवृत्त गुरुजी फक्त पाकळीचा ल बघून प्रूफ पास करतात, त्यामुळे मला हे फार महत्त्वाचं. कमी काय असेल तर पत्रिकेचे नटवे, झुपकेदार कॅलिग्राफीचे फॉन्ट. ते श्रीलिपीवाल्यांकडे (मराठी फॉन्टचं विकतचं सॉफ्टवेअर) जितके होते तितके इथे नाहीत, गिऱ्हाईक "ताई ते मागच्या वर्षीसारखं वळणदार नाव पाहिजे" म्हणालं की पंचाईत होते.

आणि आता खरा धडा, जो मी पैसे घालवून शिकले. इंकस्केप आरजीबीत, म्हणजे स्क्रीनच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांत काम करतं, छपाईच्या चार शाईंत नाही. मी एका बिलबुकाची पीडीएफ थेट तिथूनच काढून छपाईची प्लेट बनवायला पाठवली, एक रंगाचं साधं काम, तर प्लेटवाल्या काकांचा फोन, "ताई, काळ्यात चार प्लेटा निघतायत, चारी काढू का?" आरजीबीतला काळा छपाईला जाताना चारी रंगांत फुटतो, आणि बारीक मराठी अक्षर चार रंगांत छापलं की जरा रजिस्टर (रंगांची एकमेकांवरची जुळणी) हललं तरी मात्रा-वेलांट्यांना रंगीत सावल्या पडतात. तेव्हापासून डिझाइन इंकस्केपमध्ये, मजकूर पाथ करून ती एसव्हीजी (इंकस्केपची फाइल) स्क्रायबसमध्ये आणते, तिथे रिप्लेस कलर्समधून तो काळा बदलून शुद्ध ब्लॅक करते, ब्लीड (कापताना जाणारी जादा कड) ३ एमएम, आणि पीडीएफ एक्स, म्हणजे छपाईसाठीच्या पीडीएफची फाइल. काकांची तक्रार बंद.

स्क्रायबस घेताना आवृत्ती बघा. जुन्या १.४ मध्ये मराठी अक्षरशः तुटतं, कित्येकांनी तेव्हा बघून कायमचा नाद सोडला. जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या १.६ मध्ये जोडाक्षरं व्यवस्थित लागतात. शाळेचं छत्तीस पानांचं वार्षिक मी यात केलं, मास्टर पेज (सगळ्या पानांचा एकच साचा), जोडलेल्या टेक्स्ट फ्रेम (मजकुराच्या चौकटी) सगळं आहे. पण प्रेमात पडावं असं काही नाही, मेनू कुठल्या कुठे, आणि माझ्या आठ जीबीच्या मशीनवर लांब मजकूर फ्रेममध्येच टाइप करायला गेलं की ते रेंगाळतं. मजकूर रायटरमध्ये पक्का करायचा आणि मगच इकडे ओतायचा.

गिंप फोटोपुरतं. २०२५ मध्ये तिसरी आवृत्ती आली, आता फिल्टर लावून नंतर परत बदलता येतो, हे आधी नव्हतं. नवरा-नवरीच्या मागची पार्श्वभूमी काढणं होतं पण फोटोशॉपवाल्याला दोनदा शिव्या आठवतील.

शाळा, क्लास, सोसायटी, झेरॉक्सवाले, तुम्ही लिब्रे ऑफिस आजच टाका, विचार करण्यासारखं काही नाही. पत्रिकावाल्यांनी मात्र सीझनमध्ये हात लावू नका, चातुर्मासात करा, तेव्हा पत्रिका नसतात आणि शिकायला सवड असते. आणि त्या आधी जुन्या फाइलींमधल्या ज्या परत लागणार आहेत तेवढ्याच युनिकोडमध्ये आणा, सगळ्या आणायच्या नादी लागू नका.

जुनं मशीन मी फॉरमॅट करून फक्त जुन्या फॉन्टसाठी कोपऱ्यात ठेवलंय, नेटची वायर काढून, वर टॉवेल टाकून. या महिन्यात ते दोनदाच चालू केलं. एकदा एका मंडळाची पंचवीस वर्षांपूर्वीची घटना (नियमावली) छापायला, आणि एकदा मिस्टरांना त्यातला पत्त्यांचा गेम खेळायचा होता म्हणून.